‘पंच’मधले पाच: खरे किती, जोडलेले किती?

लग्नाच्या रिसेप्शनला हॉलच्या कोपऱ्यात ज्यूसचं काउंटर असतं. तिथल्या पाटीवर ‘ब्लू लगून’, ‘व्हर्जिन मोहितो’ आणि त्यांच्याखाली हमखास ‘फ्रूट पंच’. आपल्याकडचं हे फ्रूट पंच अगदी सोवळं: दोन-तीन फळांचे रस, थोडं सिरप, वर चेरी. पण मूळचं इंग्रजी पंच असं नव्हतं. मोठ्या वाडग्यात कडक दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला एकत्र करून ते बनायचं, आणि सगळे त्या वाडग्याभोवती बसून प्यायचे. अठराव्या शतकातल्या लंडनची ही लाडकी दारू. आणि तिच्या नावाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, की ते नाव आपलं आहे. पाच जिनसा घातल्या म्हणून ‘पंच’. पंचामृत, पंचखाद्य, तसंच हे पंच. व्हॉट्सॅपवर ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी फिरते.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती जितकी सरळ सांगितली जाते तितकी सरळ नाही. शब्दाची कुळकथा तपासायची कशी, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला शब्द मिळणं अवघड आहे.

आधी गर्दी हटवू. इंग्रजीत ‘पंच’ या एकाच स्पेलिंगचे बरेच शब्द आहेत. ठोसा मारणे तो पंच, कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन, आणि कठपुतळीच्या खेळातला लांब नाकाचा मिस्टर पंच. पहिल्या दोघांचा टोचणे, भोक पाडणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांशी संबंध आहे. तिसरा इटालियन ‘पुल्चिनेल्ला’ या विदूषकाचा अपभ्रंश. दारूच्या वाडग्याशी यांतल्या कुणाचंही नातं नाही. आपल्या बाजूलाही गर्दी आहेच: ग्रामपंचायतीतले पंच, पंचनाम्यावर सही करणारे पंच, क्रिकेटमध्ये बोट वर करणारे पंच. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट बऱ्याच मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं, त्यात पेयही आहे आणि पंचही आहे. पण ते पंच हौदांचे. त्यालाही बाजूला ठेवू.

आता पाच जिनसांच्या गोष्टीचा मूळ साक्षीदार. त्याचं नाव जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७२ साली इंग्लंडहून निघाला आणि जवळजवळ दहा वर्षं हिंदुस्थान-इराणात फिरला. शिवकाळ वाचणाऱ्यांना तो परका नाही. जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे वैद्य म्हणून तो १६७५ साली गेला होता, आणि रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत त्याच्या पुस्तकात आली आहे. हे पुस्तक छापून आलं १६९८ साली. त्यात गोव्याच्या वर्णनात तो म्हणतो की नेरूलला सगळ्यात उत्तम अरक, म्हणजे भट्टीची कडक दारू, होते (नेरूल म्हणजे गोव्याकडचं, नवी मुंबईतलं नव्हे), आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून अंगातलं त्राण काढून घेणारी एक दारू बनवतात. तिचं नाव तो ‘पाँच’ असं लिहितो, आणि लगेच खुलासा करतो: हिंदुस्तानीत याचा अर्थ पाच, कारण तिच्यात पाच जिनसा असतात. पुढे आणखी एक वाक्य जोडतो, की वैद्य लोक आपल्या पाच औषधांच्या मिश्रणाला ‘डायापेंटे’ म्हणतात आणि चारांच्या मिश्रणाला ‘डायाटेसरॉन’, तसंच हे.

हे शेवटचं वाक्य लोक गाळतात. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण त्याकडे नंतर येऊ.

फ्रायर लिहितो तेव्हा हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळून किमान चाळीस वर्षं झाली होती. ‘पंच’चा आतापर्यंत सापडलेला सगळ्यात जुना उल्लेख १६३२ च्या सप्टेंबरातल्या एका पत्रात आहे. रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या कंपनीच्या माणसाने ते थॉमस कॉली या आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोली वखारीतल्या व्यापाऱ्याला लिहिलं. त्यात पंच पिण्याचा उल्लेख ओघात येऊन जातो. पंच म्हणजे काय, हे सांगायची गरज अ‍ॅडम्सला वाटत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही शब्द घरचा होता. शब्द कागदावर येण्याआधी बराच काळ तोंडात घोळत असतो, आणि हा शब्द ज्यांच्या तोंडात घोळला ते खलाशी आणि कारकून काही कोश लिहीत नव्हते.

दुसरा साक्षीदार सुरतेचा. मांडेल्स्लो नावाचा तरुण जर्मन सरदार इराणहून १६३८ साली तिथे पोचला आणि इंग्रजांच्या वखारीत पाहुणा म्हणून राहिला. वखारीचं वर्णन त्याने मोठ्या मजेने केलं आहे. शुक्रवारी प्रार्थना आटोपली की वखारीचा अध्यक्ष आणि आणखी काही व्यापारी एकत्र जमत. त्यांनी इंग्लंड सोडलं तो वार शुक्रवार होता, म्हणून त्या दिवशी मागे राहिलेल्या बायकांच्या नावाने पेला उचलायचा. या भेटीचा फायदा घेऊन काही जण झेपेल त्याहून जास्त चढवत, असंही तो नोंदवतो. तिथे एक तर स्पेनची सॅक नावाची वाइन असे, नाहीतर ‘पालेपुंट्झ’. हे पालेपुंट्झ म्हणजे कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर.

मोजा. चार.

गुलाबपाणी सुगंधालाही आणि पाण्याच्या जागीही, असं धरून कुणी पाच करू पाहील. पण मग मोजणीला अर्थ उरत नाही. ‘पालेपुंट्झ’ हे नाव मात्र सोपं आहे. ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे पंचचा वाडगा, हे इंग्रज घाईने म्हणतात तेव्हा जर्मन कानाला जे ऐकू आलं ते. फ्रेंच कानाला तेच ‘बोलपाँज’ असं ऐकू आलं. ला बुलाये-ल-गूझ या फ्रेंच प्रवाशाच्या १६५३ च्या पुस्तकात हा शब्द आहे आणि कृतीही आहे: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट. इथे पाच जिनसा भरल्या खऱ्या, पण पाचवी बिस्किट! आणि गंमत म्हणजे हा गृहस्थ स्पष्ट लिहितो की बोलपाँज हा इंग्रजी शब्द आहे. पाचाचा उल्लेखही नाही. त्यानंतर बर्निये, औरंगजेबाच्या दरबाराची हकीकत लिहिणारा फ्रेंच डॉक्टर. बंगालमधल्या इंग्रजांविषयी तो सांगतो की त्यांचं बोलपाँज म्हणजे गुळाची अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेलं जायफळ. पुन्हा चार. चवीला बरं, पण शरीराला रोगासारखं, असा शेराही तो मारतो.

थोडक्यात, फ्रायरच्या आधीच्या कुणाही साक्षीदाराने पाच या आकड्यातून नाव काढून दाखवलेलं नाही. कृती बदलत राहते, नाव तेच राहतं. पंचामृताचं असं होत नाही. दूध, दही, तूप, मध, साखर यातलं एक कमी पडलं तर आजी वाटी परत पाठवते. आकड्यावरून ठेवलेलं नाव आकडा राखायला लावतं.

मराठी वाचकाला सहज दिसेल अशी आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे पाचाचं नाव नुसतं आकड्यावर थांबत नाही. पंचगव्य, पंचपाळं, पंचारती, पंचपक्वान्न. मागे काहीतरी लागतंच. नुसतं ‘पंच’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणसं येतात, पेला नाही. आणि या नावाचं देशी पेय होतं असा पुरावा कुठल्याही देशी भाषेत नाही. नाव इंग्रजांच्याच तोंडी सापडतं.

आता आवाजाकडे वळू, कारण व्युत्पत्तीच्या कोर्टात उच्चाराची साक्ष मोठी मानतात. आज ‘पंच’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पंच’सारखाच ऐकू येतो, म्हणून आपली खात्री पटकन पटते. पण १६३२ साली तो तसा नव्हता. त्या काळच्या इंग्रजीत यू या अक्षराचा ऱ्हस्व उच्चार ‘पुट’मधल्या उकारासारखा होता. म्हणजे शब्द होता ‘पुंच’. उत्तर इंग्लंडात अजूनही जुन्या वळणाची माणसं कपला ‘कुप’ म्हणतात. तो जुना उच्चार तिथे टिकला. दक्षिणेत तो सतराव्या शतकात बदलत ‘अ’कडे सरकला. मांडेल्स्लोचा ‘पुंट्झ’ आणि फ्रेंचांचा ‘पाँज’ याच जुन्या उच्चाराचे पुरावे. मग प्रश्न असा की हिंदुस्तानी ‘पाँच’ किंवा संस्कृत ‘पंच’ यातून ‘पुंच’ निघाला कसा? फ्रायरने जे ‘पाँच’ असं लिहिलं, ते बहुधा त्याला व्युत्पत्ती माहीत आहे असं वाटल्यामुळेच.

(मराठी अस्मितेला इथे जरा आवरावं लागेल. आपल्या ‘पाच’ला अनुनासिक नाही. नाकातला तो स्वर हिंदुस्तानी, गुजराती आणि कोकणीच्या ‘पांच’मध्ये आहे. तेव्हा दावा लावायचाच असेल तर सुरतकरांनी किंवा गोंयकारांनी लावावा.)

तरी उच्चाराची हरकत म्हणजे खटला निकाली, असं नाही. परदेशी शब्दांची खलाशांनी काय दशा केली त्याला सीमा नाही. हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानी इंग्रजीचा जो थोरला कोश काढला, त्याचं नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरममधली ‘या हसन! या हुसेन!’ ही आरोळी गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन असं रूप घेऊन बसली. हसन-हुसेनचं हॉब्सन-जॉब्सन होऊ शकतं, तर पाँचचं पुंच का नाही? याच कोशात ‘पंच’खाली रूढ व्युत्पत्ती म्हणून पाचच दिले आहेत, फारसी ‘पंज’ही सांगितला आहे. कोशाचा दबदबा इतका की पुढे जो तो तिथूनच उतरवून घेऊ लागला. आज आपल्याला मिळणारी पाचांची यादी, अरक, साखर, लिंबू, मसाला, पाणी, ही तशीच फिरत आली आहे.

दुसरा दावेदार आहे ‘पंचन’. हे दारूच्या मोठ्या लाकडी पिंपाचं नाव, साधारण तीनशे लिटरचं. खलाशी रोजच्या वापरातले शब्द तोडून ठेवतात, तेव्हा पंचनचं पंच झालं असेल, असं काही कोशकारांना वाटतं. उच्चार बिनतक्रार जुळतो. आणि शब्द ज्यांच्यात जन्मला त्यांचं आयुष्यच पिंपांभोवती फिरत होतं, हेही पटतं. पण पिंपापासून वाडग्यापर्यंतची वाट दाखवणारा एकही मधला कागद नाही. दारूने भरलेल्या पिंपाला कुणी ‘पंच’ म्हटलंय आणि त्यातून मिसळलेल्या पेयाला ते नाव गेलंय, असं कुठे दिसत नाही. नुसता आवाज जुळणं हा अर्धाच पुरावा.

म्हणून जबाबदार कोश ‘बहुधा’ किंवा ‘अनिश्चित’ असं लिहून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर फ्रायरच्या त्या गाळलेल्या वाक्याकडे परत जा. हा माणूस डॉक्टर होता. औषधाच्या मिश्रणांना जिनसांच्या संख्येवरून ग्रीक नावं ठेवायची त्याच्या धंद्याची रीत होती. इंग्रजांच्या तोंडी ‘पंच’ ऐकला, बाजारात ‘पाँच’ ऐकला, आणि डोक्यात डायापेंटे आधीपासून बसलेलं. तीन दुवे आपोआप जुळले. शब्द आधी, अर्थ मागून, असं भाषेत नेहमी होतं. आणि मागून आलेला अर्थ जितका चपखल, तितकी शंका घ्यावी. फ्रायर खोटं बोलत नव्हता. त्याच्या काळी गोव्याच्या किनाऱ्यावरचे इंग्रज स्वतःही हीच गोष्ट सांगत असतील. पण नाव कशावरून पडलं याची साक्ष, नाव पडल्यानंतर चाळीस वर्षांनी आलेल्या माणसाकडून घेताना हात राखून घ्यावी, एवढंच.

नावाचं असं झालं. पेल्यातल्या मालाबद्दल मात्र वाद घालायला जागा नाही.

इंग्रजांना मिसळून प्यायची वेळ आली ती परिस्थितीने. इंग्लंडच्या आरमारात खलाशाला रोज गॅलनभर, म्हणजे साडेचार लिटर बिअर मिळायची. उष्ण समुद्रात ती टिकेना. पिंपात आंबून जायची. वाइन दुरून यायची, महाग पडायची आणि पोचेपर्यंत बिघडायची. तिचं अप्रूप किती, ते टॉम कोर्‍यात या प्रवाशाच्या शेवटावरून कळतं. हा विक्षिप्त इंग्रज भूमध्य समुद्राकडून बहुतेक वाट पायी तुडवत अजमेरपर्यंत आला होता. १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेला पोचला तेव्हा त्याला हगवण लागलेली. वखारीत इंग्लंडहून आलेली सॅक आहे असं कळताच तो ‘सॅक! सॅक आहे का? मला द्या’ म्हणून ओरडला. फार प्यायला नाही म्हणतात, पण दुखणं बळावलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

बिअर टिकत नाही, वाइन मिळत नाही. मग जी जवळ होती ती घेतली. ती म्हणजे अरक. कोकणात आणि गोव्यात ती माडाच्या रसापासून व्हायची. आपल्याकडे भंडारी, गोव्यात रेंदेर, पहाटे माडावर चढतो. न उमललेल्या पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, दोरीने आवळून बांधलेलं असतं. तिला हळूहळू ठोकून मऊ करायचं, टोकाचा पातळ काप कोयत्याने काढायचा आणि खाली मडकं अडकवायचं. रस थेंबथेंब गळतो. उन्हं वर येण्याआधी उतरवला तर गोड लागतो. पण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट वाट बघत नाही. काही तासांत रस फसफसू लागतो आणि त्याची माडी होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हिनेगर. माडी भट्टीवर तांब्याच्या भाणात तापवून वाफ थंड केली की उरते ती अरक. गोव्याच्या अरकेचं नाव सगळ्या किनाऱ्यावर होतं. १६८९ साली सुरतेला आलेला पाद्री ऑव्हिंग्टन बंगालची अरक तिच्याहून तिखट असल्याचं सांगतो आणि दोन्ही पंचमध्ये पडतात असंही. ताजी अरक घशाला सोलून काढायची. म्हणून साखर, म्हणून लिंबू, म्हणून पाणी. मसाला वासासाठी. पंचची कृती शोधावी लागली नाही. कडक माल गिळण्याजोगा करायचा होता, ती आपसूक झाली.

आता या जिनसांची नावं बघा. अरक हा अरबी ‘अरक’, अर्थ घाम. भट्टीच्या झाकणाला आतून जे थेंब धरतात ते घामासारखे, म्हणून. आपण औषधाच्या दुकानात ‘ओव्याचा अर्क’ मागतो तोही याच घरचा, आणि गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची जी हुर्राक मिळते तीही. साखर: संस्कृत शर्करा, तिथून फारसी, अरबी ‘सुक्कर’, मग युरोपात शुगर. लेमनही फारसी-अरबी ‘लिमून’मधून गेला. जायफळ मोलुक्कांतल्या बांदा बेटांवरचं. पंचचं नाव कुणाचंही असो, वाडग्यात इंग्लंडचं असं फारसं काही नव्हतं.

यातला एक शब्द तर थेट आपल्या ताडावरून उतरला आहे आणि त्याच्याबद्दल कोशकारांनाही शंका नाही: टॉडी. ताडाची ती ताडी. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो उचलला. जहांगीरच्या दरबारातला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या पदरी असलेला पाद्री एडवर्ड टेरी या स्वच्छ, चवदार रसाचं कौतुक करतो. ताडीतला ‘ड’ इंग्रज जिभेला कधी र, कधी ड असा सापडायचा, म्हणून जुन्या कागदांत ‘टारी’सारखी रूपंही दिसतात. पुढे अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये याच शब्दाचा अर्थ बदलला. व्हिस्की, गरम पाणी, साखर म्हणजे टॉडी. कवी रॉबर्ट बर्न्सने १७८६ च्या संग्रहात ती फिरवली आहे. सर्दी झाली की लोक आजही ‘हॉट टॉडी’ घेतात, आणि तिच्यात ताडाचा थेंबही नसतो. अर्थ इतका बदलला की स्कॉट लोकांना नाव आपलंच वाटू लागलं: एडिनबरोला पाणी पुरवणारी ‘टॉड्स वेल’ नावाची विहीर होती, तिच्यावरून टॉडी, अशी गोष्ट तिथे सांगत. म्हणजे आपण ‘पंच’साठी केलं तेच त्यांनी ‘टॉडी’साठी केलं. फरक एवढाच की त्यांची गोष्ट कोर्टात टिकली नाही आणि आपल्या गोष्टीची तारीख पडत राहिली.

पंच बोटीने लंडनला पोचलं. १६६२ च्या जानेवारीत डायरीकार जॉन एव्हलिन ब्लॅकवॉलच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या कंपनीच्या जहाजावर गेला; तिथे पाहुण्यांना ज्या नवलाच्या गोष्टी दाखवल्या-पाजल्या त्यात पंच होतं. तोवर लंडनकरांना ती चीज नवीनच होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत चित्र पालटलं. जमैका १६५५ साली इंग्रजांकडे आलं होतं, तिथली रम स्वस्तात येऊ लागली आणि अरकेची जागा तिने घेतली. अरकेचं ‘रॅक पंच’ शौकिनांपुरतं उरलं. पंचसाठी चिनी मातीचे मोठाले वाडगे खास बनून यायला लागले. कॅरिबियन बेटांवर कृती लक्षात ठेवायला एक यमक झालं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार फिकं. फिकं म्हणजे पाणी. हे चारच, जायफळाची चिमूट वरून, यमकाबाहेर. पाच असल्याचं तिथेही कुणाला आठवलं नाही.

मग १८४१ साली लंडनमध्ये ‘पंच’ नावाचं विनोदी साप्ताहिक निघालं. नाव कठपुतळीतल्या मिस्टर पंचवरून, पण संपादकांत मार्क लेमन नावाचे गृहस्थ होते, तेव्हा ‘लेमनशिवाय पंच कसलं’ असा विनोद संस्थापकांच्या बैठकीत झाल्याचं सांगतात. त्या साप्ताहिकाची नक्कल हिंदुस्थानभर झाली. मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’, लखनौला १८७७ मध्ये उर्दू ‘अवध पंच’. पारसी पंचचंच पुढे ‘हिंदी पंच’ झालं, आणि तिथे इंग्रजी विदूषकाला देशी कपडे घालून नवं नाव मिळालं: पंचोबा. विठोबा, खंडोबा, तसा पंचोबा. इटालियन विदूषकाच्या नावाला मुंबईच्या व्यंगचित्रांत मराठी ‘बा’ लागला. पुल्चिनेल्ला ते पंचोबा या वाटेचे सगळे कागद मात्र शाबूत आहेत.